अंगणात शाळा मांडणाऱ्या ताराबाई

माझी भाची सध्या आमच्याकडे राहून डी.एल.एड. करते. आपल्या वेळचं डी.एड., त्याचंच हे नवं नाव. परवा रात्री मागचं आवरून मी जरा टेकले, तर ती एक मोठी यादी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. सरावपाठ जवळ आले होते. रंगीत तक्ते, चित्रकार्डं, मण्यांच्या पाट्या, चुंबकाची अक्षरं असं सगळं साहित्य हवं. शिवाय पाठाचं पीपीटी करायचं, मोबाइलवर एक व्हिडिओ बनवायचा. तयार संच बाजारात साडेतीन हजारांना मिळतो म्हणे. वर्गात काय काय असायला हवं, याची एक छापील यादीच तिच्याकडे होती आणि त्यापुढे टिकमार्क करायला चौकटी होत्या. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, एवढे पैसे सांगायची तिची हिंमत होत नव्हती. म्हणून मावशी.

पैसे द्यायला मी नाही म्हटलं नाही. पण घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, आणि ते तिला कसं सांगावं हे कळेना.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं स्टेशनमागच्या वस्तीत बालवाडी सुरू केली. एका भल्या गृहस्थांनी मॉन्टेसरी साहित्याचा पूर्ण संच देणगी दिला. गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, बटणं लावायच्या चौकटी, खरखरीत कागदाची अक्षरं. इतकं देखणं लाकूडकाम की हात लावायला जीव धजेना. मुलं वस्तीतली, एखादा तुकडा घरी नेतील, हरवतील, म्हणून मी कपाटाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या जुडग्यात. पाहुणे आले की संच बाहेर निघायचा, फोटो व्हायचे, परत आत. दोन वर्षांत बालवाडी बंद पडली. मंडळाच्या बैठकीत आम्ही कारणं पुष्कळ सांगितली. पालकांना गोडी नाही, जागा लहान, बाई टिकत नाहीत. कुलपाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

पुढे वाचनालयात ताराबाई मोडकांविषयी वाचायला मिळालं आणि तो विषय माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज, मैत्रिणींनो, ताराबाईंविषयी लिहायचं ठरवलं.

ताराबाईंचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं. ज्यांनी रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक पाहिलंय, त्यांना त्यांच्या संसाराची गोष्टही ठाऊक असेल. ते नाटक ताराबाईंच्या आयुष्यावरच बेतलेलं आहे.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं, त्यामुळे मुलींना शिकवायचं की नाही हा प्रश्नच तिथे नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आपल्या पणज्या त्या काळात काय करत होत्या ते आठवून पाहा म्हणजे या पदवीचं मोल कळेल. लग्न झालं अमरावतीच्या मोडक वकिलांशी आणि त्या वऱ्हाडात आल्या. सुशिक्षित जोडपं, घरात सुबत्ता, समाजात ऊठबस. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला, तेव्हा पदरात लहान मुलगी होती.

हे एका वाक्यात लिहून पुढे जाणं सोपं आहे. मी समाजकार्याच्या निमित्तानं अशा बायकांबरोबर बसते, त्यामुळे मला ते जमत नाही. आजही तालुक्याच्या गावात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला खोली भाड्यानं मिळताना किती प्रश्न विचारतात, ते मी पाहिलंय. ताराबाईंनी १९२१ मध्ये मुलीला घेऊन थेट राजकोट गाठलं. प्रांत परका, भाषा परकी. तिथे बायकांना शिक्षिका करणारं ट्रेनिंग कॉलेज होतं, त्याच्या त्या प्रिन्सिपल झाल्या.

म्हणजे ज्या वयात माझी भाची शिकायला बसते त्याच्या थोड्याच पुढच्या वयात त्या शिकवणाऱ्यांना शिकवायला लागल्या होत्या. पद मानाचं, पगार बरा. एकट्या आईनं यापुढे आणखी काय मागावं? पण काठियावाडातच, भावनगरला, एक वेगळाच खटाटोप चालला होता आणि तो ताराबाईंच्या कानावर आला.

भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर बाईंचं लिखाण पडलं आणि वकिली सुटली. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर मागे राहणाऱ्या पोरांसाठी पहिलं बालगृह काढलं होतं. आपल्याकडे मॉन्टेसरी म्हटलं की टाय लावलेली मुलं डोळ्यांसमोर येतात, म्हणून ही गरीब वस्ती मुद्दाम सांगितली. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गोष्टी, गाणी, नाटकं आणि हातांनी करायची कामं. लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत.

ताराबाई १९२३ मध्ये प्रिन्सिपलची खुर्ची सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. पगार, मान, बंगला यांचं गणित मांडलं असतं तर कुणीही त्यांना वेड्यात काढलं असतं. आणि ज्या बाई काल शिक्षिकांना धडे देत होत्या, त्यांना इथे शिकायला काय होतं? तर गप्प बसून पाहायला. मॉन्टेसरी पद्धतीत शिक्षिकेचा पहिला धडा हाच. मूल काय उचलतं, किती वेळ त्यात रमतं, कुठे अडतं, ते पाहायचं. मध्ये बोलायचं नाही. आपल्याला, दिवसभर ‘अरे ते ठेव, हे घे’ करणाऱ्यांना, यापेक्षा अवघड काम सांगता यायचं नाही.

ते साहित्य नेमकं करतं काय, हे मलाही कुलूप लावताना माहीत नव्हतं. दट्ट्यांच्या पेटीचंच घ्या. एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा एकेक दट्ट्या. कुणी जाड, कुणी बारीक, कुणी उंच, कुणी ठेंगणा. मुलानं सगळे काढायचे आणि परत बसवायचे. एक जरी चुकला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो कुठेच बसत नाही. बाईंनी ‘चूक’ म्हणावं लागत नाही. मूल स्वतःच परत सगळे काढतं आणि नव्यानं बसवतं. तिथे त्याचा डोळा शिकतो, बोटं शिकतात, आणि पुढे पेन्सिल धरायची चिमूटही आपोआप तयार होते, कारण दट्ट्याला धरायची गुंडी तेवढीच बारीक असते. गुलाबी मनोऱ्याचंही तसंच. दहा ठोकळे, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एकाचा.

नाव शिकवायची रीतही अशीच साधी. आधी सांगायचं, हा लांब, हा आखूड. मग म्हणायचं, लांब दे बरं मला. आणि शेवटी हातात धरून विचारायचं, हा कसा? दुसऱ्या पायरीला मूल चुकलं तर त्याला काही न म्हणता त्या दिवशी तो खेळ आवरायचा आणि उद्या परत पहिल्यापासून. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच वहीत टिपून घेतलं. तिच्या छापील यादीत साहित्याची नावं होती, पण कुठली वस्तू कशासाठी ते कुठेच नव्हतं.

भावनगरला लवकरच शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झालं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई गुजरातीत लिहीत. ताराबाईंनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, पालकांसाठी आणि शिक्षिकांसाठी पुस्तकं लिहिली. मग त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. मराठी मध्यमवर्गाला बालवाडी म्हणजे काय हे कळलं, त्यात शिशुविहाराचा वाटा मोठा. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. संघाचा सगळा भार ताराबाईंवर आला.

इथपर्यंत जरी त्यांचं आयुष्य थांबलं असतं तरी नाव राहिलंच असतं. दादरची शाळा नावाजलेली, शिकायला येणाऱ्या बायका वाढत्या. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. हे सगळं पोहोचत होतं ते शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांपर्यंत. दट्ट्यांची पेटी म्हणजे अगदी मापातलं सुतारकाम. खाच जरा सैल झाली की चूक कळेनाशी होते, म्हणजे पेटीचा उपयोगच संपला. असली पेटी खेड्यातली शाळा आणणार कुठून? त्याच सुमाराला गांधीजीही नई तालीमचा विचार सात वर्षांच्या अलीकडच्या मुलांपर्यंत नेत होते. खेड्यातल्या बालशिक्षणाचा प्रश्न हवेतच होता.

२४ डिसेंबर १९४५ या दिवशी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव. मागे डहाणू-तलासरीचे वारली पाडे. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली आहे. ताराबाईंची वाट निराळी होती, पण त्यांच्या अंगणात जी पोरं पुढे यायची होती, ती याच घरांतली.

ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात बायका गुडघ्यांवरच्या तेलांची चर्चा करतात (मीही त्याच रस्त्यावर आहे). त्यांच्या जोडीला आल्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. अनुताईंची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. पुण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेऊन त्यांनी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. इतका अनुभव गाठीला असलेल्या अनुताई बोर्डीला येऊन ताराबाईंच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. एक ५३ वर्षांची, एक ३५ची, आणि दोघींनाही खेड्यातलं मूल नव्यानं शिकायचं होतं.

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. गावातल्या बऱ्या घरची आली. हरिजनवाड्यातली, पाड्यावरची आली नाहीत. तुम्ही-आम्ही वस्तीत काम केलंय, हे दृश्य आपल्याला नवं नाही. आमच्या मंडळानं अशा वेळी काय केलं? पालकसभा बोलावली, आणि शिक्षणाचं महत्त्व या विषयावर भाषण ठेवलं. ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच उचलली आणि त्या मुलांच्या दारी नेली. झोपडीपुढचं सारवलेलं अंगण हाच वर्ग. आई नजरेसमोर, म्हणून मूल बावरत नाही. कोंबड्या-बकऱ्या मधून जातायत, आजी दारात बसून ऐकतेय. अंगणातली बालवाडी म्हणून तिचं नाव अंगणवाडी.

आणि मग साहित्य. पेट्या नव्हत्या, पण समुद्र होता. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, माती, बांबू, जे हाताशी होतं ते वर्गात आलं. लहान-मोठं लावायला शिंपले, खरखरीत-गुळगुळीत ओळखायला झाडांच्या साली आणि पानं, मोजायला बिया. वरवर पाहता हे सोपं वाटतं. पण शिंपला स्वतःहून चूक दाखवत नाही, पेटी दाखवते. म्हणजे वस्तू स्वस्त झाली तशी बाईंची अक्कल जास्त लागायला लागली. कुठला गुण शिकवायचा, त्यासाठी काय गोळा करायचं, मूल चुकलं तर त्याचं त्याला कसं कळेल, हे सगळं आदल्या दिवशी बसून ठरवावं लागणार. शहरातल्या शिक्षिकेला संच तयार मिळत होता. बोर्डीच्या शिक्षिकेला तो रोज स्वतः जमवायचा होता, आणि त्यासाठी मूळ पद्धत तिच्यापेक्षा चांगली कळलेली असावी लागत होती. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ताराबाईंचं खरं मोठेपण इथे आहे. वीस वर्षं ज्या साहित्याचा त्यांनी प्रसार केला, ते बाजूला ठेवून त्यातलं तत्त्व तेवढं त्यांनी उचललं.

वर्गाचे नियमही बदलले. दादरला मूल आंघोळ करून, भांग पाडून यायचं. इथे आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं हाच शाळेचा पहिला तास. यावर मला जरा बोलायचं आहे. स्वच्छतेचा हा आग्रह कधीकधी वरच्या थरातल्या माणसाच्या नजरेतून येतो, गरिबाचं घर म्हणजे घाणच असं धरून चालतो. आमच्या बालवाडीतही मी पोरांची नखं तपासायची तेव्हा त्यांच्या आयांची तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत. बोर्डीत हे कितपत झालं असेल? तिथल्या आयांनी काही लिहून ठेवलेलं नाही, लिहिलं ते बाईंनीच. फरक इतकाच दिसतो की मुलाला घरी परत न पाठवता तिथे बाई स्वतः पाणी ओतत होत्या.

१९५६-५७च्या सुमाराला केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता सगळी वस्तीच आदिवासी. पाच-सहा वर्षांची मुलगी शाळेत यायची नाही, कारण कडेवर धाकटा भाऊ. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला नाव दिलं विकासवाडी. भाऊ पाळण्यात, ताई वर्गात. मुलगे गुरांमागे जात, म्हणून बाई कुरणात जायला लागल्या आणि कुरणशाळा झाली. मूल का येत नाही, हे विचारायचं आणि त्या कारणापाशीच शाळा न्यायची, असा एकूण प्रकार.

मधल्या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या ५१व्या वर्षी, अनुताई बी.ए. झाल्या होत्या. मला या दोन बातम्यांमध्ये दुसरीचा आनंद जास्त होतो, काय करू? मीही बी.ए.च आहे, पण ती वेळेवर, आईवडिलांच्या पैशांवर झालेली.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. योगायोग असा की मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं.

हे सगळं मी भाचीला दोन-तीन रात्रींत मिळून सांगितलं. ती हुशार आहे, लगेच भारावून जात नाही. तिचं म्हणणं पडलं की ताराबाईंच्या वेळी मोबाइल असता तर त्यांनी तोही वापरला असता. मला ते पटलं. आमच्या वस्तीत आता सरकारी अंगणवाडी आहे, तिथल्या सेविकाताई मुलांचं वजन-उंची मोबाइलमध्ये भरतात, आणि नेट गेलं की मोबाइल उंच धरून दारात उभ्या राहतात. तोही एक धडा शिकावाच लागतो. भाचीनं व्हिडिओ केलाच, पण तो तिनं त्या अंगणवाडीत जाऊन केला. चार वर्षांचा एक मुलगा चिंचोके आणि करवंटीचे तुकडे लहान-मोठे लावतोय, एवढाच. पावणेतीन मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. कॉलेजात तिला त्यावर मार्क कमी पडले, कारण व्हिडिओत शिक्षिका शिकवताना दिसत नाही.

साडेतीन हजारांचा संच घेतला नाही. त्याऐवजी तिनं माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली. ती अजून माझ्या जुडग्यातच होती. मंडळाच्या खोलीतलं ते कपाट आम्ही दोघींनी उघडलं तेव्हा धुळीनं शिंका आल्या. दट्ट्ये सगळे जागच्या जागी. गुलाबी मनोऱ्याचे मात्र नऊच ठोकळे निघाले. सर्वांत लहान, एक सेंटिमीटरचा, नाहीच. कुलूप मीच घातलं होतं आणि किल्लीही माझ्याकडेच, तेव्हा कुणाला काय विचारणार? आमच्या गल्लीतल्या सुतारानं चहा घेता घेता एक तुकडा कापून, घासून दिला. रंग घरी दिवाळीतल्या पणत्यांचा उरलेला होता, तो जरा जास्तच भडक निघाला. मंडळाच्या बायकांना सांगून गेल्या सोमवारी आम्ही संच अंगणवाडीत पोहोचवला. काल सेविकाताई बाजारात भेटल्या. एका पोरीनं तो भडक ठोकळा दोन दिवस मुठीत घट्ट धरून ठेवलाय आणि मनोऱ्यावर ठेवायला काही तयार नाही, असं त्या सांगत होत्या.